मुनसफच्या जागी घोडा

श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याने मुलांसाठी ‘तानीची बालनगरी’ उभारली आहे, ही बातमी ज्यांनी ऐकली आहे आणि जे उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह तिकडे जाण्याचा बेत करीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी जाऊन आले. परत येऊन पंधरवडा लोटला, पण संताप उतरलेला नाही. रागाच्या भरात लिहू नये, असे मी आयुष्यभर वर्गातल्या मुलांना सांगत आले. म्हणून इतके दिवस थांबले. थांबून उपयोग झाला नाही, तेव्हा आता लिहितेच.

भिंगार ते श्रीरामपूर

तानी कोण, हे आधी सांगायला हवे. तिची पुस्तके कित्येक वर्षांत पुन्हा छापली गेलेली नाहीत, त्यामुळे तिशीच्या आतल्या वाचकाने तिचे नाव ऐकले असण्याचा संभव कमी. पुणतांब्याच्या गोदाताईंनी आपल्या तरुणपणी तानीच्या गोष्टी लिहिल्या. तानी ही गोदाकाठच्या परटाची नऊ वर्षांची मुलगी. अंगात विटका परकर, नाकात काही नाही, पायात काही नाही. तिच्याजवळ एक गाढव आहे आणि त्याचे नाव मुनसफ. मुनसफ म्हणजे जुन्या कोर्टातला न्यायाधीश. या गाढवाचा गुण असा, की कोणी त्याच्यासमोर खोटे बोलले की ते त्या माणसाच्या पुढ्यात बसते. मग काठीने मारा, कान ओढा, हिरवा चारा दाखवा. बोललेले खोटे तो माणूस मागे घेईपर्यंत मुनसफ उठत नाही. सावकारापुढे बसतो, पाटलापुढे बसतो, एकदा तर खुद्द तानीपुढेच बसतो. गावातली सगळी मुले त्याच्या पाठीवर बसतात. त्याच्यापुढे मात्र मोठ्यांची बसायची हिंमत होत नाही.

या गोष्टींवर वाढलेली आम्ही काही माणसे महिन्यातून एकदा भिंगारला माझ्या घरी जमतो. एक गोष्ट मोठ्याने वाचायची, चहा घ्यायचा आणि भांडायचे, असा आमचा शिरस्ता आहे. त्यातले दाविदराव या प्रवासात माझ्याबरोबर होते. ते लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले आहेत आणि माझ्या पलीकडच्याच घरात राहतात. डिसेंबरातल्या लढाईच्या वेळी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद त्यांच्या काचांवरून अजून पुरते निघाले नव्हते. आम्हाला श्रीरामपुराहून निरोप आला तो वसंतरावांचा. ते कापसाचे दलाल आहेत आणि तानीच्या गोष्टी त्यांना ओळीन् ओळ पाठ आहेत. कारखाना तानीवर बालनगरी बांधत आहे, प्रजासत्ताकदिनी उद्घाटन आहे, गोदाताईंना बोलावले आहे, आणि जे बांधले आहे ते पाहून आपल्याला जेवण गेले नाही, एवढे त्यांनी कळवले.

नगरहून सकाळच्या गाडीने निघालो. या वर्षी पावसाने हात आखडता घेतलेला. राहुरीपर्यंत खिडकीतून पिवळी, उघडी जमीन दिसत होती. पुढे कालव्याचे पाणी सुरू झाले आणि एकाएकी दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला. दाविदरावांच्या घरून बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी आली होती. डब्यातच जेवलो आणि डब्यातच आमचा वाद सुरू झाला.

दाविदरावांचे म्हणणे असे, की काहीतरी झाले हे काय कमी आहे. पुस्तके मिळत नाहीत, छापणारा कोणी नाही, आपण चार म्हातारी माणसे गेलो की तानी गेली. बागेत का होईना, पोरांच्या तोंडी नाव राहील. मी म्हटले, नाव राहण्यापेक्षा खरे राहणे महत्त्वाचे. त्यावर ते हसले.

“बाई, तुम्ही उत्तरपत्रिका तपासताय. देवळातली मूर्ती बिघडली म्हणून कोणी देऊळ पाडत नाही.”

“मूर्तीच दुसऱ्या देवाची बसवली असेल तर?” मी विचारले.

“आधी बघू तर द्या,” असे म्हणून त्यांनी चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

स्टेशनवर वसंतराव न्यायला आले होते. पांढरे धोतर, काळी टोपी आणि चेहऱ्यावर घरात कोणी आजारी असल्यासारखा भाव. टांग्यात बसताच त्यांनी पहिली तक्रार सांगितली, की तानीची एकच वेणी असते आणि ती उजव्या खांद्यावरून पुढे येते. इथे तिला अंबाडा घातला आहे. मला वाटले, इतकेच असेल तर निभावेल. इतकेच नव्हते.

कारखान्यावर

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कारखान्यावर गेलो. गळीत हंगाम भरात होता. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि हवेत मळीचा तो गोड, जड, आंबूस वास, जो पहिल्या तासाला नको वाटतो आणि नंतर जाणवेनासा होतो. फाटकाजवळ एका रसवंतीत आम्ही रस घेतला. आमच्या भिंगारला रसात आले पिळतात, इथे तसे करीत नाहीत. उसाला चव असली की आल्याची गरज लागत नाही, असे रसवाल्याने ऐकवले. ते मान्य करणे भाग होते.

आत शिरल्यावर प्रथम लागते ते पाहुण्यांचे विश्रामगृह. संगमरवरी फरशी, खिडक्यांना पडदे, पुढे रंगीत दिव्यांचे कारंजे. हे सगळे या मोसमात नव्याने केलेले. कारंज्याच्या मागे, गोदामाच्या भिंतीला टेकून, पत्र्याची एक लांब शेड आहे. तिच्या तोंडावर कमान आणि कमानीवर ‘तानीची बालनगरी’. कारखान्यात ऊस वाहून आणायला अरुंद रुळांची जी ट्रॉलीगाडी असते, तिचाच एक फाटा या शेडमधून नेला आहे. मुलांनी ट्रॉलीत बसायचे, छोट्या इंजिनाने ती ओढायची आणि अंधाऱ्या शेडमधून तानीच्या गोष्टींतले देखावे पाहत पलीकडे बाहेर पडायचे. कल्पना उत्तम आहे, हे मी आधीच नमूद करते. कल्पनेला कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप पुढे आहे.

कमानीशेजारी दगडी चौथरा आणि चौथऱ्यावर घोडा. पांढराशुभ्र, एक पाय उचललेला, गळ्यात झेंडूची माळ. खाली पाटी: ‘तानी व तिचा घोडा’. पाटीच्या खाली दुसरी पाटी: ‘पादत्राणे काढावीत. वर बसू नये.’ चौथऱ्यावर फुटलेल्या नारळाचे पाणी सुकले होते.

मी दोनदा वाचले. मग वसंतरावांकडे पाहिले. “हे तुम्ही कळवले नव्हते,” मी म्हटले.

“कळवायला धीर झाला नाही,” ते म्हणाले. “म्हणून वेणीवरून सुरुवात केली.”

घोड्याची हकीकत तिथल्या रंगाऱ्याने सांगितली. बालनगरीसाठी कारखान्याच्या संचालक मंडळाने जे मंजूर केले ते कमान आणि पत्रे यांतच संपले. तेव्हा आसपासच्या गावांतून गणपतीच्या देखाव्यांतल्या आणि मिरवणुकांतल्या जुन्या मूर्ती गोळा केल्या. हा घोडा शिवजयंतीच्या मिरवणुकीतला. त्याच्यावर महाराजांची मूर्ती असे. मूर्ती तिथल्या उत्सव मंडळाने ठेवून घेतली, घोडा इकडे दिला. आता ज्या घोड्यावर महाराज बसले, त्याच्यावर पोरे कशी बसवायची? रंगाऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनाच हे उघड वाटत होते. चौथरा बांधल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी माळ घातली, मग नारळ फुटला, मग चपलांची पाटी लागली. कोणी ठरवून केले नाही. आपल्याकडे आदर असाच आपोआप जमा होतो, आणि एकदा जमा झाला की मुलांना तिथून हुसकावले जाते.

शेडच्या आत परवानगी काढून गेलो. नदी म्हणजे जमिनीवर निळीच्या पाण्याने रंगवलेले पोते. आणि तानी! नऊवारी नेसलेली, अंबाड्यावर फुलांची वेणी माळलेली, कपाळी चंद्रकोर, नाकात नथ, हातात ओवाळणीचे तबक. ही कुठल्यातरी दरबाराच्या देखाव्यातली दासी होती. तबकातली निरांजने काढून तिथे चार धुतलेली फडकी ठेवली होती, ती परटाची मुलगी म्हणून. परटाच्या मुलीला दासी केले, न्याय देणाऱ्या गाढवाला पूजेचा घोडा केले. आणि हे दोन्ही करणाऱ्यांना आपण तिचा मान वाढवला असे वाटत होते. मला आलेला संताप त्या वाटण्याचा होता. निष्काळजीपणाला चूक म्हणून दाखवता येते. मान वाढवणाऱ्याला काय दाखवायचे?

ते मी चेअरमनसाहेबांना दाखवायचा प्रयत्न केला. ते कार्यालयाच्या व्हरांड्यातच भेटले. उंच, सावळे, बोलण्यात मोकळे. आम्हाला खुर्च्या दिल्या, राहात्याचे पेरू कापून पुढे ठेवले. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले, की गोष्टीत घोडा नाही, गाढव आहे, आणि मुले त्याच्यावर बसतात हाच त्या गोष्टीचा प्राण आहे.

“ते मला सांगितलंय लोकांनी,” चेअरमन म्हणाले. “पन बाई, तुमी इचार करा. उद्या मंत्रीसाहेब येनार. निवडनुका तोंडावर. फोटो निघनार. त्यांच्या शेजारी गाढव उभं करू? माझी धिंड निघंल, आन् गाढव बी शोधावं लागनार न्हाई.”

दाविदरावांना हसू आवरले नाही. मलाही ते कठीण गेले, हे कबूल करते.

“आन् ताईंचा बी मान हाय,” ते पुढे म्हणाले. “म्हाताऱ्या बाईच्या नावानं कमान लावायची आन् खाली गाढव ठेवायचं? लोक म्हनतील, बेअदबी केली. घोडा आयता हुता, चांगला हुता.”

“तुम्ही गोष्टी वाचल्या आहेत का?” मी विचारले.

“न्हाई बा. सवडच न्हाई,” ते सरळपणे म्हणाले आणि पेरूवर मीठ टाकून फोड माझ्यापुढे केली. पेरू अतिशय गोड होता. रागात असताना गोड पेरू खावा लागणे, यासारखी कुचंबणा नाही.

पुणतांबे

संध्याकाळच्या गाडीने तिघेही पुणतांब्याला उतरलो. गोदाताईंना उद्घाटनाला येऊ नका असे सांगायचे, हा माझा निश्चय होता. त्या आल्या नाहीत तर बालनगरीला त्यांची संमती नाही हे सर्वांना कळेल. दाविदरावांना हे पटले नव्हते. वसंतरावांना दोन्ही बाजू पटत होत्या आणि शिवाय अंबाड्याचे दुःख होतेच.

गोदाताई पुतण्याच्या शेतावर होत्या. हुरड्याचे दिवस. आगटीभोवती पोती अंथरलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसे भाजत ठेवलेली, आणि त्या एका लाकडी खुर्चीवर बसलेल्या. गुडघे धरल्यापासून त्यांना खाली बसता येत नाही. ठेंगणी, बारीक बाई, पांढरे पातळ, डोळ्यांवर जाड काचा. मी आजवर त्यांना पाहिले नव्हते. ज्यांच्या वाक्यांवर आपण लिहायला शिकलो, त्या समोर बसून कणसातला कोंडा फुंकत आहेत, हे पाहत मी उभीच राहिले. पुतण्याने कणीस तळहातांत चोळून गरम हुरडा आमच्या ओंजळीत ओतला. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. नगरला आम्ही हुरडा बशीत घेऊन खातो. इथे तसे केले तर हसतात, कारण बशीत तो निवतो.

मी सगळे सांगितले. क्रमाने सांगितले: कमान, घोडा, माळ, तबक. मग दाविदरावांनी आपली बाजू मांडली, आणि न्यायाने सांगायचे तर ती माझ्यापेक्षा चांगली मांडली.

“ताई, माझ्या नातवंडांनी तानीचं पुस्तक पाहिलेलं नाही. पाहणारही नाहीत. माझ्याकडची प्रत आता वाचताना हातात सुटी होते. तुम्ही आला नाहीत तर ते नाव काढून टाकतील आणि तिथे दुसऱ्या कोणाचं लावतील. मग उरलं काय? वाईट काढलेला फोटोसुद्धा माणूस गेल्यावर लोक भिंतीला लावतात.”

“आणि फोटो दुसऱ्याचाच असला तर?” मी म्हटले. “तुमची नातवंडं त्या नथवालीलाच तानी समजतील. जन्मभर. ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांना उद्या कोणी गोष्ट सांगू शकेल. ज्यांनी चुकीची ऐकली, त्यांना कोणी सांगायला जाणार नाही.”

वसंतरावांनी मध्येच विचारले, की निदान वेणी तरी बदलून घेता येईल का. गोदाताई हसल्या. मग त्यांनी आगटीकडे पाहत एकच प्रश्न विचारला.

“पोरं बसतात का त्याच्यावर?”

“नाही,” मी म्हटले. “बसू नये अशी पाटी आहे.”

त्यांनी हातातला कोंडा आगटीत झटकला. गेली काही वर्षे, त्या सांगू लागल्या, छापणाऱ्यांकडे जाऊन जाऊन त्या थकल्या. एकाने म्हटले, आता मुलांना परीचे हवे. दुसऱ्याने म्हटले, गाढवाच्या जागी हरिण करा, छापतो. कारखान्याचा माणूस आला तेव्हा त्यांना वाटले, चला, पुस्तक नाही तर नाही, पोरे तानीला डोळ्यांनी पाहतील. शेवटी हीच एक तानी राहणार आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी होकार दिला होता.

“मग येऊ नका,” मी म्हटले.

“न पाहता नाही कसं म्हणू?” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकून म्हटलं तर ते तुझं मत झालं गं. मी येणार.”

मला राग आला. पण वर्गात मी हेच शिकवत आले होते. दाविदराव जिंकल्यासारखे दिसू नये म्हणून दुसरीकडे पाहत होते. ते चांगले गृहस्थ आहेत.

उद्घाटन

सव्वीस तारखेला कारखान्याच्या पटांगणात झेंडावंदन झाले. लढाई जिंकून फार दिवस झाले नव्हते. पोरांच्या घोषणांना जोर होता. मंत्रीसाहेब अजून पोचले नव्हते. शाळाशाळांची मुले उन्हात बसून कंटाळली, तेव्हा चेअरमनांनी ठरवले, की ताईंना घेऊन एक फेरी आधी करावी, म्हणजे पोरांनाही विरंगुळा. गोदाताईंना चौघांनी धरून पहिल्या ट्रॉलीत बसवले. आम्ही तिघे त्यांच्या मागच्या ट्रॉलीत, छातीशी गुडघे घेऊन. गोदाताईंच्या शेजारी दुसरीतली एक मुलगी होती, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची. वसंतरावांनी त्या वेण्यांकडे पाहून सुस्कारा सोडला.

शिट्टी झाली. गाडी अंधारात शिरली. डिझेलचा धूर आत कोंडला होता आणि मुले मजेने ओरडत होती. निळे पोते आले, गेले. मग पिवळा दिवा लागला आणि तबक घेतलेली ती बाई उजेडात आली.

“आज्जे,” पुढच्या ट्रॉलीतली मुलगी म्हणाली, “ही कोन?”

‘तानी’ एवढे दोन अक्षरी उत्तर पुरेसे होते आणि ते दिले असते तर दाविदराव म्हणतात तसे नाव राहिले असते.

“ठाऊक नाही गं,” गोदाताई म्हणाल्या. “हिला मी आज पहिल्यांदाच बघते.”

दिवा विझला. दाविदरावांचा हात ट्रॉलीच्या कडेवर होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला. पुढे काय देखावे होते ते मला आठवत नाही.

बाहेर आलो तेव्हा दुसरी फेरी भरून तयार होती. चेअरमनांनी ध्वनिक्षेपकावरून पुकारले, की आता आदरणीय ताई दोन शब्द सांगतील. गोदाताई काठी टेकत उठल्या. ध्वनिक्षेपक डावीकडे होता. त्या उजवीकडे वळल्या, घोड्याच्या चौथऱ्यासमोर आल्या, पाटी वाचली, ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून तळहाताची झापड करून पुन्हा वाचली. मग दोन्ही हातांनी काठी धरून, दात आवळून, हळूहळू गुडघे मोडत त्या खाली बसल्या. चौथऱ्यासमोर. रुळाच्या मधोमध. काठी आडवी शेजारी ठेवली.

इंजिनवाल्याने शिट्टी दिली. त्या हलल्या नाहीत.

चेअरमन धावत आले. “ताई, चक्कर आली का? अरे पानी आना कुनीतरी. डाक्टरला बोलवा.”

दाविदराव त्यांच्याआधी तिथे पोचले होते. ते गोदाताईंकडे वाकून पाहत होते आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. मग ते ताठ उभे राहिले, वर्कशॉपात वरिष्ठांपुढे राहत असतील तसे.

“साहेब, चक्कर नाही,” ते म्हणाले. “निकाल आहे.”

आणि काल हुरड्याभोवती ज्यांनी या नावासाठी इतके भांडण केले, ते दाविदराव पँटचे पाय वर ओढून गोदाताईंच्या शेजारी रुळावर बसले. मी बसले. वसंतरावांनी रुमाल पसरला, मग धोतराची शुभ्रता पाहून विचार केला, मग रुमाल खिशात घालून नुसत्या खडीवर बसले. त्यांच्याकडून याहून मोठा त्याग मी अपेक्षिलाही नव्हता.

चेअरमनांना काही कळेना. त्यांनी गोष्टी वाचल्या नव्हत्या. पण गर्दीत वाचलेली माणसे होती. एक वयस्क शिक्षक एकदम हसले आणि शेजारच्याला काहीतरी सांगू लागले. बायकांच्या बाजूने “मुनसफ, मुनसफ” असे ऐकू आले. शाळेची एक शिपाईण पदर खोचून आली आणि आमच्या ओळीत बसली. तिला आम्ही ओळखत नव्हतो. ट्रॉलीतली पोरे उतरून काय चालले आहे ते विचारू लागली आणि ज्यांना माहीत होते त्यांनी सांगितले. खोटे बोलणाऱ्याच्या पुढ्यात गाढव बसते, हे कळताच पोरांनी आमच्या मागे धडाधड बैठका मारल्या. त्यांच्या गुरुजींनी पांढरे कपडे मळतील म्हणून आरडाओरडा केला, पण त्यात जोर नव्हता.

“ताई, उठा,” चेअरमन हात जोडून म्हणाले. “मंत्रीसाहेबांची गाडी फाटकाशी आली असंल. काय पाहिजे ते सांगा.”

“पाटीवर लिहिलंय, तानी व तिचा घोडा,” गोदाताई म्हणाल्या. “ते खोटं आहे. पोरांना त्याच्यावर बसू द्या, मग मी त्याला गाढव समजते. माझं काही म्हणणं नाही.”

“महाराजांचा घोडा हाय ताई. कसं बसू देऊ?”

“बरोबर आहे. मग तो महाराजांचाच राहू दे. माझ्या पोरीचं नाव पुसा.”

चेअरमनांनी घोड्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. “आवं, कमान तेवढ्यावरच उभी हाय,” ते म्हणाले. “नाव पुसलं तर तुमचं काय राह्यलं इथं?”

“काही नाही,” गोदाताई म्हणाल्या.

या दोन शब्दांची किंमत काय होती, हे आम्हा तिघांना आदल्या संध्याकाळी त्यांनीच सांगितले होते. दाविदरावांनी चष्मा काढून पुसला. मीही माझ्या मताच्या विजयाचा आनंद त्या वेळी शोधून पाहिला. तो सापडला नाही.

रंगारी चुन्याची बादली घेऊन आला. आधी चौथऱ्यावरची पाटी, मग शिडी लावून कमान. ‘तानीची’ हा शब्द पुसला गेला आणि नुसते ‘बालनगरी’ राहिले. चुना ओला होता, त्यातून अक्षरे थोडी दिसत होती. मंत्रीसाहेबांची गाडी आली तेव्हा शिडी अजून तिथेच होती. घोड्याच्या शेजारी त्यांचा फोटो निघाला. पुढे तो छापूनही आला. छान आला आहे.

तेव्हा वाचकहो, आपण तिकडे जाल तर आपल्याला विश्रामगृह दिसेल, कारंजे दिसेल, आणि पादत्राणे काढून घोडा पाहता येईल. शेडमधली ती बाई अजून तबक घेऊन उभी आहे. ती कोण, असे मुलांनी विचारले तर ठाऊक नाही म्हणून सांगावे. ते खरे उत्तर आहे आणि ते प्रत्यक्ष गोदाताईंनी दिलेले आहे. कारंज्याला रंगीत दिवे लावणाऱ्यांना एक सिमेंटचे गाढव जमले नाही, हेही मुलांना जरूर सांगावे. मग रसवंतीत बसून, घाई न करता, मुनसफची गोष्ट सांगावी. ती आता फक्त अशीच मिळते.

एक गोष्ट सांगायची राहिली. चुना लावून झाल्यावर गोदाताई उठायला निघाल्या, पण गुडघे सरळ होईनात. दाविदरावांनी एका बाजूने धरले, मी दुसऱ्या, आणि मागून त्या शिपाईणीने. उभ्या राहताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. दाविदराव घाबरले. पुस्तकात मुनसफ निकाल देऊन ऐटीत उठतो आणि शेपटी झाडत चालू लागतो. आम्हा सर्वांना ते वाक्य पाठ आहे.

“ताई, फार दुखतंय का?” त्यांनी विचारले.

“दुखतं,” गोदाताई म्हणाल्या. “मुनसफलासुद्धा दुखायचं. उठताना दर वेळी रडायचा तो. तेवढं मी लिहिलं नव्हतं.”